पांच सेंटिमीटरांचा मनुष्य

दिवाळी जवळ आली कीं महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांच्या अंगणांत दगड, माती आणि जुनीं पोतीं यांचा किल्ला उभा राहतो. तो करावयास कोणी शिकवीत नाहीं. वडील भावाचें पाहून धाकटा शिकतो. त्या किल्ल्यांत मावळा दरवाज्याहून उंच असतो, वाघ बुरुजाएवढा असतो, आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार नसते. परंतु तोच मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला म्हणजे त्याला हें विजोड दिसूं लागतें. मोजपट्टी हातीं येते, आणि किल्ल्याच्या जागीं रणगाडा, चिलखती मोटार, जमिनींत पुरलेला तोफेचा बुरूज अशा वस्तूंच्या प्रतिकृति मेजावर येऊं लागतात. घरांतील वडील मंडळींच्या मनांत शंका येते ती येथेंच. देव्हाऱ्यापासून दहा हातांवर मनुष्यहत्येचीं यंत्रें कशासाठीं मांडावयाचीं? ही शंका हंसण्यावारीं नेण्यासारखी नाहीं. तिचें उत्तर या छंदाच्या आंतच सांपडतें, असें आम्हांस वाटतें. म्हणून आज एकच प्रतिकृति घेऊन ती कशी करावी तें पाहूं.

ही प्रतिकृति पुरलेल्या बुरुजाची. आपल्या जळगांव जिल्ह्यांत पारोळ्याचा भुईकोट आहे. सपाट भूमीवर शत्रूस थोपवावयाचें तर भिंत हवी, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांस मारा करण्यासाठीं पुढें आलेला बुरूज हवा, ही जुनी विद्या. विसाव्या शतकांत तोफा इतक्या बळकट झाल्या कीं भिंतीचा उपयोग उरला नाहीं. मग भिंत गेली, बुरूज तेवढा राहिला, आणि तोही गळ्यापर्यंत जमिनींत गेला. १९४४ च्या मे महिन्यांत इटलींतील ‘हिटलर लाइन’ या संरक्षक फळीवर जर्मन सैन्यानें ‘पँथर’ रणगाड्यांचे बुरूज अशा रीतीनें पुरले होते. खालीं पोलादी पेटी, तींत झोपण्याच्या फळ्या आणि शेगडी; वर तोफेसह फिरता बुरूज. जमिनीवर दिसे तें एवढेंच. २३ मे रोजीं कॅनडाच्या सैन्यानें ही फळी फोडली, तेव्हां या बुरुजांनीं दोस्तांच्या कित्येक रणगाड्यांचा चुराडा केला. परंतु त्यांत एक मोठें उणें होतें. रणगाड्यास माघार घेतां येते. पुरलेल्या बुरुजास ती येत नाहीं. आंतल्या तिघांना वेढा पडला म्हणजे तेंच त्यांचें घर आणि तीच त्यांची समाधि.

इटलीचें हें युद्ध आपणांस परकें नाहीं. त्याच उन्हाळ्यांत, १० जुलै १९४४ रोजीं, वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यांत मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांचे सर्व सोबती शत्रूच्या मशीनगनपुढें पडले. ते एकटे त्या ठाण्यावर धांवून गेले, तें त्यांनीं घेतलें आणि तेथेंच धारातीर्थीं पडले. पुढें ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनीं जखमी सोबत्यांना गोळ्यांच्या वर्षावांत पाण्यांतून पलीकडे आणिलें, आणि परत जाऊन शत्रूचीं ठाणीं बंद पाडलीं. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बंदिस्त ठाण्याच्या बाहेर उघड्यावर उभें राहणाऱ्या मनुष्याची ही बाजू. प्रतिकृति करणाऱ्यास आंतली आणि बाहेरची, दोन्ही बाजू ठाऊक असाव्यात.

आतां मापें. या छंदांत ३५ पट लहान हें प्रमाण सर्वत्र रूढ आहे. जपानच्या तामिया या कंपनीनें १९६० नंतरच्या पहिल्याच वर्षांत पँथरचें खेळणें काढलें, तेव्हां आंत विजेचे सेल आणि मोटार बसावी म्हणून हें प्रमाण पडलें. पुढें तेंच जगाचें झालें. विकतचा संच महाग पडतो आणि त्यांत विचार दुसऱ्यानें केलेला असतो. आपण पुठ्ठ्याचें करूं.

पँथरच्या तोफेच्या नळीचें भोंक ७.५ सेंटिमीटर, आणि नळीची लांबी त्याच्या ७० पट, म्हणजे ५२५ सेंटिमीटर. त्यास ३५ नीं भागावें. बरोबर १५ सेंटिमीटर येतात. भोंक येतें २ मिलिमीटरांहून किंचित् जास्त. घरांत २ मिलिमीटरची विणकामाची सुई असेल तर तिच्याभोंवतीं खळ लावलेला कागद घट्ट गुंडाळावा, वाळूं द्यावा आणि सुई काढून घ्यावी; नळी तयार झाली. बुरुजाचा पुढला पत्रा १०० मिलिमीटर जाड होता, तो आपल्याकडे ३ मिलिमीटरांस थोडा कमी; वहीच्या पुठ्ठ्याचे दोन-तीन थर पुरे. बाजूंचा पत्रा ४५ मिलिमीटर, म्हणजे आपला सव्वा मिलिमीटर. मुलानें ही भागाकारें स्वतः करावींत. त्रैराशिक कंटाळवाणें वाटणारा मुलगाही तोफेसाठीं तें आनंदानें करतो.

जमिनीसाठीं मेहरूणसारख्या ठिकाणीं माती शोधावी लागत नाहीं. मात्र आपली काळी माती ओली असतां फुगते आणि वाळतांना आखडते. नुसती थापली तर दुसऱ्याच दिवशीं तिला भेगा पडतात, आणि बुरूज तिरका होतो. म्हणून तींत गिरणेची चाळलेली वाळू आणि भिजवून कुटलेला वर्तमानपत्राचा कागद मिसळावा, पातळ थर द्यावा, आणि तो सावलींत सुकवावा. तारेच्या कुंपणासाठीं मेहरूणच्या प्रसिद्ध बोरींपैकीं एखादीची वाळकी कांटेरी फांदी चालेल. शेताच्या कडेला आपण तीच लावतों. लहान हातांना कांटे बोंचतात, तेव्हां तें काम मोठ्यानें करावें.

येथवर झालें तें खेळणें. आतां शेवटचें आणि सर्वांत महत्त्वाचें काम. १७५ सेंटिमीटर उंचीचा मनुष्य या प्रमाणांत पांच सेंटिमीटरांचा होतो. असे तीन मनुष्य मेणाचे किंवा शाडूचे करावे: एक नायक, एक नेम धरणारा, एक गोळा भरणारा. बुरूज ज्या कड्यावर फिरतो त्याचा आंतला व्यास सुमारें १६५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मापानें ४.७. आतां मुलास सांगावें कीं, या मनुष्याला त्या कड्यांत आडवा निजव. तो मावत नाहीं. मग तोफेची पाठ, गोळे आणि उरलेले दोघे कोठें बसवावयाचे, हें त्याचें त्यालाच शोधूं द्यावें. यंत्राचा जो मोह चित्र पाहून वाटतो तो या पांच सेंटिमीटरांपाशीं थबकतो.

अशा मुलास एकदां अहिल्यानगरास (पूर्वींच्या अहमदनगरास) न्यावें. तेथें १९९४ सालीं स्थापन झालेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तेथील चिलखती दलाच्या केंद्रांत ‘फामागुस्ता’ नांवाचा सेंच्युरियन रणगाडा जपून ठेविलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतर नदीवरील लढाईंत पुण्यांत जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यांत होते. रणगाड्यास आग लागली असतांही ते तो सोडून आले नाहींत. वय २१ वर्षें. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांस मिळालें. संग्रहालयांत गेल्यावर मुलानें तोफेची लांबी अवश्य मोजावी. परंतु वरच्या झांकणाची रुंदी पाहावयास विसरूं नये. मनुष्य बाहेर येतो तो तेथूनच.

वडील मंडळींच्या शंकेस आमचें उत्तर एवढेंच. जी प्रतिकृति रिकामी आहे ती घरांत नसली तरी चालेल. जिच्यांत माणसें मापानें बसविलेलीं आहेत, ती देव्हाऱ्याजवळ ठेवावयासही हरकत नाहीं. मुलाच्या बहिणीलाही या कामांत घ्यावें; सुई तिचीच असेल तर मान तिचा पहिला. आणि आजोबांनीं एक नियम घालून द्यावा: आधीं मनुष्य करावयाचा, मग तोफ.