खाजेची ट्यूब मागू नका

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगाव आणि आसपासच्या गावा-तांड्यांवरच्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे. पाऊस लागला की मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं: "भाऊ, मागच्या वेळी नेलेली ती खाजेची ट्यूब द्या." कृपा करून ती मागू नका. घरात असेल तर आजच बाहेर काढा आणि शाळेत जाणाऱ्या पोराकडून तिच्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचून घ्या. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांतलं एखादं नाव निघालं तर त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. गजकर्णावर, नायट्यावर, जांघेतल्या चट्ट्यांवर ती लावू नका. त्वचेच्या डॉक्टरांनी इसबासाठी लिहून दिलेली ट्यूब असेल तर गोष्ट वेगळी. पण तीही शेजाऱ्याला देऊ नका.

ही ट्यूब फसवते कशी, ते समजून घ्या. स्टेरॉइडनं दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, आणि माणूस म्हणतो, गुण आला. खरं तर बुरशीशी लढणारी त्या जागेची ताकदच त्यानं दाबलेली असते. बुरशी आतल्या आत पसरत जाते, चट्ट्याची नेहमीची गोल कड पुसली जाते आणि मग डॉक्टरलाही ओळखायला जड जातं. ट्यूब संपली की खाज दुप्पट उसळते, म्हणून दुसरी आणली जाते. अशा काही महिन्यांत मांडीची, काखेची कातडी पातळ होते आणि तिच्यावर फाटल्यासारखे पट्टे उमटतात. ते पट्टे जन्मभर राहतात. खाज उसळेल तेव्हा दवाखान्यात जायचं, मेडिकलवर नाही.

केंद्र सरकारनं मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, कंपन्या कोर्टात गेल्या, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र कालवलेली मलमं त्यांत होती. बंदी कागदावर आली म्हणून काउंटर सुधारला असं नाही. मागणी आहे तोवर या ना त्या नावाची ट्यूब येतच राहते.

दरम्यान बुरशीही बदलली. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी गजकर्णाच्या एका नव्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. त्या नावात आपला देश आहे, आणि त्यात मिरवण्यासारखं काही नाही. पूर्वी हमखास लागू पडणाऱ्या टर्बिनाफिनला ती पुष्कळदा दाद देत नाही. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन बायकांमध्ये ती सापडल्याची नोंद अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनं केली; त्यातली एक अलीकडे परदेशात गेलेलीसुद्धा नव्हती. हळदीवरच्या करप्याला दरवर्षी एकच फवारा मारला, तोही अर्ध्या मात्रेनं, तर पुढे काय होतं हे हिंगोलीच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. तुमच्या फवाऱ्यातलं टेब्युकोनाझोल आणि डॉक्टर देतात ते इट्राकोनाझोल एकाच कुळातले आहेत. चार दिवस गोळ्या खाऊन, खाज थांबली म्हणून उरलेली पट्टी डब्यात ठेवणं म्हणजे हा अर्धा फवाराच.

आता गोळ्यांचं. माझी सगळ्यात मोठी काळजी इथे आहे, कारण ट्यूबनं कातडी जाते, गोळीनं जीवावर बेतू शकतं. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलसोबत 'पोटाला त्रास नको' म्हणून पॅन्टोप्राझोल-डोम्पेरिडोनची कॅप्सूल सर्रास घेतली जाते. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलला अंगात उतरायला पोटातलं आम्ल लागतं. ते आम्लच पॅन्टोप्राझोल कमी करतं, म्हणजे महागाचं औषध अर्धं वाया. डोम्पेरिडोन आणि इट्राकोनाझोल एकत्र आले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ही जोडी घ्यायचीच नसते. इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्यावी, आणि ॲसिडिटीचं काही चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं.

साखरेसाठी ग्लिमेपिराइड चालू असताना फ्लुकोनाझोल हे बुरशीचं औषध घेतलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात. उपाशीपोटी खुरपणीला गेलेला माणूस बांधावरच कोसळायचा. कोलेस्टेरॉलच्या सिम्व्हास्टॅटिनसोबत इट्राकोनाझोल चालत नाही. स्नायू झिजतात, लघवी चहासारखी काळपट होते आणि मूत्रपिंडावर येतं. इट्राकोनाझोल किंवा फ्लुकोनाझोलसोबत रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. टीबीच्या कोर्समधलं रिफॅम्पिसिन इट्राकोनाझोलला जवळजवळ निकामी करतं. हृदय कमजोर असलेल्यांना इट्राकोनाझोल देत नाहीत. पाय सुजले, धाप लागली तर गोळी तिथेच थांबवून दवाखाना गाठा. टर्बिनाफिननं क्वचित तोंडाची चव जाते, तीही आठवडेच्या आठवडे. यांतल्या कुठल्याही गोळीनं यकृताला इजा होऊ शकते: भूक मेली, मळमळ सुटेना, डोळे पिवळे झाले तर वाट पाहू नका. दिवस गेलेल्या बाईनं यांतलं काहीही मनानं घेऊ नये. ग्रिसिओफल्विन हे बुरशीचं औषध तर नाहीच नाही, आणि ते चालू असताना दारूही नको.

म्हणून दवाखान्यात जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या. "बीपीची एक पांढरी गोळी आहे" एवढ्यानं भागत नाही.

बुरशीची औषधं वाईट नाहीत, हेही म्हटलं पाहिजे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शास्त्रज्ञ थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं, तेही मातीतल्या जिवाणूपासून. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, रुग्णांसाठी अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनामागे नातेवाईक कसे वणवण फिरले, ते अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं. तेव्हाही बऱ्याच रुग्णांत वाढलेली साखर आणि स्टेरॉइड ही जोडी होतीच.

घरात एकाला गजकर्ण असेल तर सगळ्यांनाच डॉक्टरांकडे दाखवा, नाहीतर ते घरातल्या घरात फिरत राहतं. टॉवेल वेगळा ठेवा, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. पावसाळ्यात ओलसर चड्डी-परकर घालण्यापेक्षा इस्त्री फिरवलेली बरी. आणि करदोडा! कमरेचा तो ओला, मळका दोरा वर्षानुवर्षं बदललेला नसतो, आणि बुरशी तिथेच दबा धरून असते. उपचार चालू असेतो तरी तो काढून ठेवा. देव रागावणार नाही.

मेडिकलवाल्या भावांनो, चिठ्ठी नसताना स्टेरॉइडची ट्यूब देऊ नका. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल, जाऊ द्या. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवा. कुठल्याही औषधाचा त्रास झाला तर आधी दवाखाना, आणि मग १८००-१८०-३०२४ या सरकारी, मोफत क्रमांकावर कामाच्या दिवशी कळवा. फोन करताना पाकीट जवळ ठेवा, औषधाचं नाव आणि बॅच नंबर सांगता येईल.