दोन मुलं आणि दोन सदरे



ऑफ तासाला एक खेळ हमखास रंगतो. तोंडातून अवाक्षर न काढता एकाने हातवारे करायचे आणि बाकीच्यांनी सिनेमाचं नाव ओळखायचं. पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की चौथीच्या वर्गात मीच हा खेळ घेते, फक्त सिनेमाऐवजी म्हणींच्या चिठ्ठ्या टाकते. 'नाचता येईना अंगण वाकडे' पोरं दोन मिनिटांत ओळखतात. 'बुडत्याला काडीचा आधार' करताना मागे एक पठ्ठ्या खरोखरच बाकाखाली बुडाला आणि डोक्याला टेंगूळ घेऊन वर आला!

पण समजा, हा खेळ नसेल, जिवाचा प्रश्न असेल तर? समोरच्याला तुमची भाषा अजिबात येत नाही आणि सांगायचं तर आहेच. अशी वेळ खरंच आली होती. सप्टेंबर १५४२ मध्ये, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आज जिथे सॅन डिएगो शहर आहे तिथे.

त्या शहराच्या बंदराला पॉइंट लोमा नावाच्या डोंगराळ भूशिराचा आडोसा आहे. तिथे १९१३ पासून एक राष्ट्रीय स्मारक आहे. वर उभं राहिलं की एका बाजूला अथांग पॅसिफिक महासागर, दुसऱ्या बाजूला शांत खाडी. हिवाळ्यात दूरवर करडे देवमासे दक्षिणेकडे जाताना दिसतात. एक जुनं दीपगृहही आहे, आणि त्याची गंमतच झाली. जितकं उंच तितकं लांबून दिसेल, म्हणून ते समुद्रापासून ४२२ फुटांवर बांधलं. १८५५ साली दिवा लागला. पण ढग आणि धुकं नेमकं तेवढ्याच उंचीवर येऊन बसायचं, आणि खालच्या जहाजांना दिवाच दिसायचा नाही! शेवटी १८९१ मध्ये तो विझवला आणि खाली, पाण्याजवळ, दुसरं दीपगृह बांधलं.

स्मारक आहे ते हुआन रॉड्रिगेज काब्रियो या दर्यावर्दी कप्तानाचं. त्याचा १४ फूट उंचीचा दगडी पुतळा तिथे उभा आहे. त्या काळी मसाल्याच्या मुलखाकडे जायची पूर्वेची वाट पोर्तुगिजांच्या हातात होती. आपलं गोवा त्यांनी १५१० मध्येच घेतलं होतं, तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून स्पेनची जहाजं पश्चिमेकडून वाट शोधत होती. काब्रियो जून १५४२ मध्ये मेक्सिकोतल्या नाविदाद बंदरातून निघाला आणि तीन महिन्यांनी, २८ सप्टेंबरला, या खाडीत शिरला. आज ज्याला अमेरिकेचा पश्चिम किनारा म्हणतात, तिथे आलेली ही पहिलीच युरोपी जहाजं.

किनारा काही रिकामा नव्हता. कुमियाय लोक तिथे हजारो वर्षं राहत होते, आजही आहेत. जहाजं पाहून बहुतेक जण पळाले. तिघे मात्र थांबले, त्यांना भेटवस्तू मिळाल्या. त्याच रात्री खलाशी जाळं घेऊन मासे धरायला किनाऱ्यावर उतरले, तर बाण आले. तिघे जखमी झाले.

दुसऱ्या दिवशी खलाशी होडीतून खाडीत आतवर गेले आणि दोन मुलांना धरून घेऊन आले. त्यांच्याशी खाणाखुणांनी बोलायचा प्रयत्न झाला. पोरांना काहीच कळेना. मग त्यांना एकेक सदरा देऊन सोडून दिलं. बस, एवढीच त्यांची हकीकत. तुमच्याएवढी असतील का ती? अंगात कापरं भरलं असेल का? सदरा मोठ्या माणसाच्या मापाचा असणार, गुडघ्यापर्यंत आला असेल. तो घालून ती पोरं घरी आली, तेव्हा आई काय म्हणाली असेल, असं माझ्या मनात नेहमी येतं.

आणि मग त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन धिप्पाड कुमियाय माणसं स्वतःहून जहाजावर आली. सुरू झाला मूकाभिनय. त्यांनी खुणेने दाखवलं : आतल्या मुलखात तुमच्यासारखीच माणसं फिरताहेत. दाढीवाली, कपडे घातलेली, तलवारी आणि धनुष्यं बाळगणारी. मग उजवा हात उगारून भाला फेकल्याचा आविर्भाव केला. आणि मग घोड्यावर बसल्यासारखे ते धावून दाखवू लागले! ती माणसं आमच्या लोकांना ठार मारताहेत, म्हणून आम्हाला भीती वाटते.

आता गंमत बघा. किंवा गंमत नकोच म्हणायला. अमेरिकेत तेव्हा घोडा नव्हता, तो स्पॅनिश लोकांनीच नेला. या तिघांनी तो कदाचित उभ्या जन्मात पाहिलेलाही नसेल. १५४० ते १५४२ मध्ये कोरोनाडो नावाचा स्पॅनिश सरदार पूर्वेकडच्या मुलखात घोडेस्वार घेऊन फिरत होता. त्याच्या स्वारीची बातमी गावोगाव, तोंडोतोंडी, शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत पोचली असावी.

काब्रियोला अर्थ कळला. कळणारच! तो स्वतः १५२१ मध्ये कोर्तेसच्या सैन्यातून अझ्टेकांच्या राजधानीवर चालून गेला होता. ग्वाटेमालात तिथल्याच लोकांना खाणींत राबवून तो श्रीमंत झाला होता. त्या खाणाखुणांवर त्याने काय उत्तर दिलं, याची नोंद नाही. थोड्याच दिवसांत जहाजं उत्तरेकडे निघून गेली. पुढे एका बेटावर पडून त्याचं हाड मोडलं आणि ३ जानेवारी १५४३ रोजी तो वारला. त्याची मूळ रोजनिशी हरवली. हे सगळं कळतं ते मागे उरलेल्या एका सारांशावरून.

त्याला पोर्तुगीज समजून पोर्तुगालने १९३९ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रदर्शनासाठी त्याचा पुतळा भेट दिला. तो काही काळ गॅरेजमध्ये धूळ खात पडला आणि १९४९ मध्ये स्मारकावर आला. खाऱ्या वाऱ्याने दगड झिजला, म्हणून १९८८ मध्ये हुबेहूब नवा बसवला. आणि २०१५ मध्ये वेंडी क्रेमर या संशोधक बाईंना स्पेनच्या जुन्या दप्तरात त्याचीच साक्ष सापडली : मी स्पेनमधल्या पाल्मा गावचा! पुतळा तिथेच आहे. त्या तिघांनी आपल्याबद्दल जे सांगितलं, ते मात्र साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर अजून जसंच्या तसं आहे.

पुढच्या ऑफ तासाला एका चिठ्ठीवर त्या तिघांचा निरोप लिहा. तीन गडी निवडा, आणि घोडा कधीच न पाहिलेल्या माणसाने घोडा कसा करायचा, ते करून बघा. काय जमलं, काय नाही, मला पत्राने कळवा.

तुमची,
बाई