ग्रिफिथ्स यांनी विचारलेला प्रश्न

ब्रिटिश नाटककार व पटकथाकार ट्रेव्हर ग्रिफिथ्स २०२४ साली निवर्तले. १९३५ मध्ये मँचेस्टर येथील कामगार कुटुंबात जन्मलेल्या या समाजवादी लेखकाने आपल्याच गोटाची झडती घेतली. १९७३ च्या ‘द पार्टी’ या नाटकात, १९६८ साली पॅरिसचे रस्ते पेटलेले असताना, लंडनमधील डावी मंडळी एका सुखवस्तू घरात क्रांतीची चर्चा करीत बसतात.

परंतु ते टीकेपाशीच थांबले नाहीत. नाट्यगृहात मूठभर लोक येतात. कामगार घरी दूरचित्रवाणीपुढे असतो, हे ओळखून १९७६ मध्ये त्यांनी ‘बिल ब्रँड’ ही अकरा भागांची मालिका लिहिली. मजूर पक्षाच्या एका तत्त्वनिष्ठ खासदाराची पक्षशिस्तीशी होणारी ओढाताण त्यांनी घरोघरी नेली. पुढे १९८१ च्या ‘रेड्स’ या हॉलिवूडपटाची पटकथा त्यांनी वॉरन बीटी यांच्यासह लिहिली.

भांडवलदारी माध्यमे लेखकाला गिळतात, हा आक्षेप निराधार नाही. तथापि त्या भयाने जनतेकडे जाणारी वाटच सोडणे हा निव्वळ सोवळेपणा होय. आपली शिबिरे व नियतकालिके केवळ आपल्यापुरतीच बोलत नाहीत ना, हे कार्यकर्त्यांनी स्वतःस विचारावे. ग्रिफिथ्स यांना तीच खरी आदरांजली ठरेल.