मशीन नको, कंगवा घ्या!

फेब्रुवारी संपत आला की होस्टेलच्या गेटवरच्या कुत्र्यांच्या अंगावरून केसांचे पुंजके उडायला लागतात आणि सल्लागार जमतात. "खरूज झालीय, वर्कशॉपमधलं जळकं ऑइल चोळा!" तिकडे चऱ्होलीच्या नव्या सोसायट्यांत हस्की पाळणारी मंडळी "गरम होतंय बिचाऱ्याला" म्हणत त्याचा झिरो कट करून मोकळी होतात. माझं स्पष्ट मत आहे, हे दोन्ही प्रकार बंद व्हायला हवेत.

मुळात केस गळणं हा आजार नाही. कुत्र्याचं शरीर ऋतू ओळखतं ते मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. हस्की ज्या सैबेरियातून आला, तिथे उत्तरेला उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ मावळत नाही. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, लहान अकराचा. त्यात रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट! सिग्नलच धड मिळत नाही, म्हणून घरातली कुत्री वर्षभर थोडे थोडे केस गाळत राहतात.

आता थर्मलवाल्यांनी कान टवकारावेत. हस्की, पॉमेरियन, जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर दोन थर असतात, आत मऊ लोकर आणि वर राठ केस. लोकरीत अडकलेली हवा म्हणजे इन्सुलेशन (कंडक्टिव्हिटी साधारण 0.026, आठवतंय ना?). सुटलेली लोकर अंगातच गुंतून राहिली तर उष्णता कोंडते, म्हणून ती विंचरून काढायची. वरचे केस मात्र कातडीला उन्हापासून वाचवतात. मशीन फिरवली की दोन्ही गेले. कातडी भाजते, आणि काही कुत्र्यांना केस पुन्हा नीट येतच नाहीत. धनगर मेंढरं कातरतात, पण राखणीच्या कुत्र्याला कात्री लावताना कोणी पाहिलंय का?

जळक्या ऑइलबद्दल तर बोलायलाच नको. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे इंजिनातला सगळा गाळ, धातूच्या कणांसकट, थेट पोटात. केस सगळीकडे सारखे विरळ होत असतील आणि खालची कातडी स्वच्छ असेल तर तो ऋतू. चट्टे, खपल्या, लाली, सतत खाज असेल तर जनावरांचा डॉक्टर. खरजेवर चांगली औषधं आहेत, पण डोस डॉक्टरनेच ठरवायचा. मेडिकलवाल्याने नाही, आणि रूम पार्टनरने तर नाहीच.

पाळीव कुत्र्याला रोज दहा मिनिटं विंचरा. अंघोळीआधी विंचरा, कारण ओल्या केसांच्या गाठी आणखी घट्ट बसतात. आपला शाम्पू त्याला नको. आणि निघालेले केस गॅलरीतून खाली झटकू नका, खाली मेसची खिडकी आहे!