बाहेरची जोडी

आमच्या गावच्या यात्रेची बैठक देवळाच्या ओट्यावर भरते. यंदा तिथे ठराव आला, की पुढच्या मैदानात सातारा आणि सांगली या दोनच जिल्ह्यांचे छकडे घ्यावेत. ठराव मांडणारे माझे चुलते. गेल्या फायनलला त्यांची जोडी पुणे जिल्ह्यातल्या जोडीच्या मागे राहिली होती. हे कारण कोणी बोलले नाही, ठाऊक मात्र सगळ्यांना होते.

मला ठराव पटत नाही. घरात बोलण्याची सोय नाही, म्हणून इथे लिहितो.

तात्यांची तक्रार खोटी नाही. २०२३ साली भाळवणीच्या मैदानात पहिले बक्षीस थार मोटार होते. असे बक्षीस लागले की पैसेवाला येणारच. खोंड जन्मते आटपाडी-म्हसवडच्या खिल्लारात आणि नाव गाजते दुसऱ्याचे. पण त्या खोंडाला भाव तरी कोणामुळे? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, त्या डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात तात्यांनी दावणीची खोंडे मिळेल त्या किमतीला दिली. गिऱ्हाईक बाहेरचे हवे आणि शर्यत तेवढी घरची, हे कसे जमावे?

माझा एक वर्गमित्र मोटारींच्या शर्यतींचा नादी आहे. त्याने सांगितलेली ऑस्ट्रेलियाची हकीकत आमच्या ओट्यावर सांगण्यासारखी आहे. तिथल्या बाथर्स्टच्या मोठ्या शर्यतीत १९९१ आणि १९९२ साली निसानची जपानी मोटार पहिली आली. लोक चिडले. १९९३पासून नियमच असे झाले, की तिला जागा उरली नाही. पुढे वीस वर्षे मैदान मुख्यतः फोर्ड आणि होल्डन यांचेच. एवढे करून घरचा होल्डन वाचला का? २०१७ साली त्याचा तिथला कारखाना बंद पडला आणि २०२० साली नावही मिटले.

उलट अमेरिकेच्या पेन्स्के यांनी यायचे ठरवले, तेव्हा २०१४ साली त्यांनी डिक जॉन्सन यांच्या जुन्या स्थानिक संघातच मोठा वाटा घेतला. २०१८पासून सलग तीन वर्षे त्या संघाचा चालक विजेता ठरला. २०२० संपताच पेन्स्के निघून गेले. जॉन्सन यांचा संघ मात्र अजून पळतो आहे.

आपल्याकडे याला पैरा म्हणतात! एकाचा बैल दुसऱ्याच्या बैलाशेजारी जुंपायचा. बाहेरच्या मालकाला खुशाल येऊ द्यावे, पण जुवाखाली एक बैल इथल्या दावणीचा असावा. त्यालाही ते सोयीचेच आहे. पुण्याकडच्या घाटात एकेक गाडा घड्याळावर पळतो, आमच्याकडे अनेक छकडे शेजारी शेजारी एकदम सुटतात. त्या गलक्यात न बुजणारा सोबती त्याला हवाच असतो.

हे मी भीत भीत तात्यांपुढे काढले. ते म्हणाले, “आणि बक्षिसाची मोटार काय करवतीनं कापायची?” मला तेव्हा उत्तर सुचले नाही. मोटार विकून पैसे वाटता येतात, हे नंतर रात्री सुचले.

त्याच पुण्याच्या मालकाने आता आमच्या दुशाला मागणी घातली आहे, विकत हवा म्हणून. विकू नका, पैऱ्याला द्या, एवढेच तात्यांपाशी मागणे आहे. बैठक पुढच्या महिन्यात आहे.