घरचं लाकूड, करवतीचं पातं

मंडळी, सुटी जवळ आली. बहारीनमध्ये जंगल नाही. मुहर्रकच्या गलबतांचं सागवानही मलबारातूनच यायचं. पण गावी परसातला साग नाहीतर आजोबांनी लावलेला फणस उतरवून दारं-खिडक्या करायचा बेत यंदाही काही घरांत शिजतोय. (परवानगी आधी काढा, १९६४ चा कायदा आहे.)

इंजिनावरच्या छोट्या बँडसॉवर ओंडका चढवण्यापूर्वी पातं बघा. दहा-पंधरा अश्वशक्तीला एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचं पातं पुरे. जाड पातं भुसा जास्त पाडतं, म्हणजे जोरही जास्त खातं. इंजिन दमलं की पातं मंदावतं, दातांमधल्या खाचेत भुसा कोंबला जातो आणि फळी लाटांसारखी निघते. मग रंध्याखाली किती लाकूड जातं ते विचारू नका! दाताचा कल साधारण १० अंश असतो. वाळून टणक झालेल्या लाकडाला, कमजोर इंजिनावर, ७ किंवा ४ बरा.

सागात सिलिका असते, ती धार लवकर खाते. साल काढून घ्या, सालीतली लाल माती तर त्याहून वाईट. बोथट पातं रेटत राहिलं की खाचेत बारीक तडे जातात आणि पातं तुटतं. म्हणून दुसरं हाताशी हवंच.

धार लावणारा नुसतं टोक घासत असेल तर थांबवा. टोकापासून खाचेच्या तळापर्यंत सगळा आकार घासायचा, हलक्या हाताने. दात निळसर दिसला तर तो तापलाय, त्याची धार टिकणार नाही.

आणि संध्याकाळी पात्याचा ताण सैल करायला मिस्त्रींना सांगा.