लोणारचे पाणी आणि कॅमेऱ्याचा रंग

लोणारच्या कड्यावर उभे राहिले की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर एका छायाचित्रात मावत नाही. म्हणून डावीकडून उजवीकडे आठ-दहा छायाचित्रे टिपायची आणि घरी संगणकावर ती जोडून एकच विशाल दृश्य साधायचे, हा अनेक घरांतील तरुणांचा आवडता उद्योग असतो. दृश्य साधते, परंतु आकाशात निळ्याच्या निरनिराळ्या छटांचे उभे पट्टे उमटतात, पाण्यावर मध्येच गुलाबट डाग दिसतो. इतरत्र याकडे काणाडोळा करता येईल, लोणारला नाही. जून २०२० मध्ये हे सरोवर खरोखरच गुलाबी झाले होते, आणि तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. मग चित्रातला गुलाबी रंग पाण्याचा की यंत्राचा, हे पाहणाऱ्याने कसे ओळखावे?

त्यासाठी जोडलेले चित्र बाजूला ठेवून मूळ छायाचित्रांकडे परतावे. शेजारच्या दोन छायाचित्रांत काही भाग सामाईक असतो. त्यातला एखादा दगड दोन्हींत ताडून पाहावा. दगडाचा रंग मुळातच भिन्न असेल, तर चूक जोडणीपूर्वीची. बहुधा व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर राहिलेला असतो: चौकटीत झाडी अधिक आली की कॅमेरा एक निर्णय घेतो, पाणी अधिक आले की दुसरा. रॉ फाइल असल्यास सर्वांना एकच व्हाइट बॅलन्स द्यावा. जेपेग असल्यास हगिनसारख्या विनामूल्य प्रणालीत एक निर्दोष छायाचित्र आधार मानून इतरांचा रंग त्याच्याशी जुळवता येतो, पण तो अर्धाच इलाज. आकाशातील पट्ट्यांचे मूळ अनेकदा पोलरायझर फिल्टरमध्ये असते. त्याला जोडणीत उपाय नाही. विशाल दृश्यासाठी तो काढूनच ठेवावा.

गुलाबट डाग मात्र अधिक फसवा. ऊन चमकणाऱ्या पाण्यावर सेन्सरची हिरव्या रंगाची नोंद सर्वांआधी कमाल मर्यादेला भिडते. पुढे व्हाइट बॅलन्स लावताना तांबडा आणि निळा वाढवले जातात, हिरवा तेथेच थांबतो, आणि शुभ्र चमक गुलाबी होते. असा डाग चमकेपुरताच असतो; सावलीतले पाणी त्याच चित्रात आपला रंग राखून असते. रॉ फाइल उघडताना अतिप्रकाशित भाग सावरण्याची सोय वापरली, की बहुधा तो जातो. कुंचल्याने पुसून टाकणारेही आहेत. पण चित्र २०२० च्या जूनमधले असेल, तर त्या कुंचल्याखाली खरा गुलाबीही जाईल.